मधल्या रेघेवरचा शब्द

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातली सकाळ होती. डबे भरण्यासाठी मी खाली आले, तर जेवणाच्या टेबलावर फळांच्या टोपलीखाली अर्धा सरकलेला एक कागद दिसला. लेकीने तो रात्री कधीतरी लिहिलेला असावा, कारण शेजारी तिचा चहाचा रिकामा कप होता आणि त्याच्या कडेला साय वाळून चिकटली होती. कागदाच्या मधोमध पट्टीने आखलेली उभी रेघ होती. डावीकडे वर ‘रटगर्स’ आणि उजवीकडे ‘विस्कॉन्सिन’ असे लिहिले होते. तिला प्रवेश मिळालेली ही दोन विद्यापीठे, पहिले आमच्या न्यू जर्सीतले आणि दुसरे दूरच्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनचे. डाव्या रकान्यात खर्च, घरापासून वीस मिनिटे, ओळखीच्या मैत्रिणी, आजोबा भारतातून आले तर भेटता येईल, अशा ओळी होत्या. उजव्या रकान्यात तळे, तळ्यांचा अभ्यास, बर्फ आणि शेवटी ‘तिथे मला कोणीच ओळखत नाही’ ही ओळ होती, तिच्याखाली दोनदा रेघ मारलेली. हे सगळे इंग्रजीत होते. मात्र त्याखाली, दोन बोटे जागा सोडून, एकच शब्द देवनागरीत लिहिला होता, मराठी शाळेत गिरवलेल्या त्याच गोल वळणाचा: ‘आई’. तो डावीकडेही नव्हता आणि उजवीकडेही नव्हता. मधली रेघ नेमकी ‘आ’ आणि ‘ई’ यांच्यामधून खाली उतरली होती.

मी कागद होता तसाच टोपलीखाली सरकवून ठेवला.

दिवसभर ऑफिसात मात्र तो शब्द डोळ्यांसमोरून हलेना. मी तिला घराजवळ थांबवणारे कारण होते, की घरापासून दूर जाण्याचे कारण? मला एकटे वाटेल म्हणून ती रटगर्स घेणार होती, की माझ्या सततच्या असण्यातून थोडे मोकळे व्हायचे म्हणून विस्कॉन्सिन? विचारले असते तर तिने सांगितले असते. पण विचारायचे म्हणजे कागद पाहिल्याचे कबूल करायचे, आणि उत्तर ऐकण्याची तयारी ठेवायची. त्या दुसऱ्या गोष्टीची तयारी माझ्याजवळ नव्हती.

बारावीतली मुले असलेल्या इथल्या घरांत मार्चअखेरपासून १ मे पर्यंतचे दिवस कसे जातात ते वेगळे सांगायला नको. १ मे पर्यंत एका ठिकाणी अनामत भरून बाकीच्यांना नकार कळवायचा असतो. आमच्या एडिसनमध्ये ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला गेले तरी कोथिंबिरीच्या जुडीबरोबर ‘कुठे ठरलं?’ हा प्रश्न पिशवीत पडतो. न्यू जर्सीतून दर वर्षी हजारो मुले बाहेरच्या राज्यांत शिकायला जातात. जितकी जातात त्या मानाने येतात फारच थोडी. त्यामुळे घर सोडून जाण्याचे इथे कोणाला नवल नाही, उलट दाराशी असलेल्या विद्यापीठाचे नाव काढले की समोरच्याच्या चेहऱ्यावर किंचित सहानुभूती उमटते. रटगर्स १७६६ साली स्थापन झालेले आहे, हा देश जन्माला येण्याच्या दहा वर्षे आधी. पण जे रोज हायवेवरून दिसते त्याची किंमत डोळ्यांना कळत नाही.

हिशोब आम्ही तिघांनी मिळून केला होता. विस्कॉन्सिन राज्यातल्या मुलाला मॅडिसनच्या विद्यापीठात वर्षाची फी १२ हजार डॉलरच्या आसपास पडते आणि बाहेरच्या राज्यातून आलेल्या मुलाला ४२ हजारांच्या वर. शेजारच्या मिनेसोटाच्या मुलांसाठी दोन राज्यांमध्ये जुना करार आहे, त्यामुळे नदीपलीकडून येणाऱ्यांना पुष्कळ सवलत मिळते. आम्हाला ती मिळण्याचा प्रश्नच नव्हता. रटगर्सची आमच्यासारख्या रहिवाशांची फी १८ हजारांच्या घरात. राहणे, जेवणे, प्रवास धरून चार वर्षांचा फरक आमच्या कागदावर १ लाख १५ हजार डॉलरपर्यंत जात होता. पहिल्या वर्षी मुलीला स्वतःच्या नावावर केंद्र सरकारचे कर्ज मिळते ते ५,५०० डॉलर; बाकीचे आईबापांनी बघायचे. माझ्या नवऱ्याने हे सगळे एक्सेलमध्ये नीट मांडले, खाली तीन रंगांत तीन शक्यता दाखवल्या आणि ती फाइल तिला पाठवून दिली. त्याची काळजी आकड्यांतून बोलते आणि ती खरी असते. मी मात्र एवढेच म्हणाले होते, ‘तुला हवं तिथे जा.’ हे वाक्य मी महिनाभर म्हणत होते आणि म्हणताना आपण तिला काहीतरी मोठे देत आहोत असे मला मनापासून वाटत होते.

सरकारी विद्यापीठ हे त्या राज्याच्या लोकांचे, त्यांच्या करांवर चालणारे, म्हणून त्यांच्या मुलांना स्वस्त. हे तत्त्व मला पटते. पण आतले गणित बदलले आहे. २०१५ पर्यंत मॅडिसनमध्ये बाहेरच्या राज्यांतल्या मुलांचे प्रमाण साडेसत्तावीस टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचे नाही, असा नियम होता. त्याच वर्षी राज्याच्या अंदाजपत्रकाने तिथल्या विद्यापीठांच्या अनुदानातून दोन वर्षांसाठी २५ कोटी डॉलर कापले आणि त्याच वर्षी नियामक मंडळाने मॅडिसनसाठी ती मर्यादा उठवली. राज्यातल्या ठरावीक मुलांना प्रवेश द्यायचा आणि त्यापलीकडे बाहेरच्यांना मोकळीक, अशी तडजोड झाली. राज्याने सोडलेली जागा बाहेरच्या आईबापांच्या पैशाने भरायची, असा त्याचा अर्थ मी लावला. माझी लेक याच देशात, न्यू ब्रन्सविकच्या इस्पितळात जन्मली. ज्या देशात मी कित्येक वर्षे व्हिसाच्या कागदावर परकी म्हणून काढली, त्याच देशात आता तिच्या नावापुढेही ‘बाहेरची’ असा शेरा आला होता, आणि त्याची किंमत डॉलरमध्ये छापलेली होती.

हा शेरा मला नवा नव्हता. १९९२ साली सांगलीत बारावी झाले तेव्हा ‘होम युनिव्हर्सिटी’ हा शब्द आमच्या घरात देवाच्या नावासारखा रोज उच्चारला जात असे. आमचे विद्यापीठ कोल्हापूरचे, शिवाजी विद्यापीठ. त्याच्या हद्दीतल्या कॉलेजांत आमच्यासाठी जागा अधिक आणि पुण्याकडच्या कॉलेजांत बाहेरच्यांसाठी मोजक्या. दाखल्यासाठी बाबा तहसील कचेरीत तीन खेपा घालून आले होते. शाईचा शिक्का ओला असल्यामुळे तो कागद हातात आडवा धरूनच सायकल चालवत आले, ते मला अजून दिसते. आणि पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या मोजक्या जागांपैकी एकीवर माझे नाव लागले. सांगलीतल्या कॉलेजातही लागलेच होते. बाबा हायस्कुलात शिक्षक, आम्ही दोघी बहिणी, आजीचे औषधपाणी. मी पत्र त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते दोनदा वाचले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘बघ बाई, तूच ठरव.’

त्यानंतर आठ दिवस ते त्या विषयावर एक शब्दही बोलले नाहीत. मी त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ शोधत राहिले. जेवताना त्यांनी भाकरी अर्धी ठेवली तर मला वाटे, पैशाची चिंता असेल. रात्री अंगणात येरझाऱ्या घालू लागले तर वाटे, मुलीला एकटी पाठवायची भीती असेल. आठव्या दिवशी संध्याकाळी आयर्विन पुलावर मी बराच वेळ उभी होते. जुलै महिना होता, कृष्णा तांबडी होऊन खालून धावत होती, आणि तिच्या पाण्याकडे पाहता पाहता मी ठरवून टाकले की बाबांचे उत्तर ‘नको’ असेच आहे. घरी येऊन सांगितले, ‘मी सांगलीतच शिकते.’ ते ‘बरं’ म्हणाले. सांगलीतल्या शिक्षणाने माझे काही वाईट झाले नाही. उत्तम शिक्षक मिळाले, नोकरी मिळाली, त्याच पदवीवर मी २००१ च्या नोव्हेंबरात इथे आले. तरीही पुण्याहून येणारी गाडी स्टेशनात शिरताना पाहिली की माझ्या पोटात कित्येक वर्षे काहीतरी हलत असे. त्यामुळे मुलगी झाली तेव्हाच मी मनाशी ठरवले होते की हिला कधी अडवायचे नाही.

मार्चच्या शेवटी आम्ही दोघी मॅडिसन पाहायला गेलो. शिकागोच्या विमानतळावरून बसने तीन तास. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या मक्याची करडी शेते, मध्येच लाल कोठारे आणि त्यांच्या शेजारी गोल उंच साठवणीचे बुरूज. गाव दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले आहे. राज्याच्या विधानभवनापासून विद्यापीठापर्यंत जाणारा रस्ता जेमतेम एका मैलाचा आणि त्या मैलभरात वाऱ्याने आमच्या कानांच्या पाळ्या बधिर केल्या. वाटेत एका दुकानात ताज्या चीजचे तुकडे मिळाले, ते दाताखाली ओल्या रबरासारखे चुरचुर वाजले आणि लेक मोठ्याने हसली. घरात तिचे असे हसणे मी बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते. विद्यापीठात पन्नास हजारांच्या आसपास मुले शिकतात हे मला माहीत होते. पण तास सुटल्यावर टेकडीवरून खाली येणारा तो लोंढा प्रत्यक्ष पाहिला तेव्हा आषाढी वारीची आठवण झाली, आणि लगेच दुसरा विचार आला की वारीत निदान दिंडीचा क्रमांक असतो. तीनशे खुर्च्यांच्या एका वर्गाच्या दारातून आम्ही आत डोकावलो. शेवटच्या रांगेतून फळ्यावरची अक्षरे मला वाचता आली नाहीत. तिला आली.

मेंडोटा तळ्याच्या काठावरची प्रयोगशाळा हे तिचे खरे ठिकाण होते. गोड्या पाण्याच्या तळ्यांचा शास्त्रीय अभ्यास या खंडात जिथे रुजला ती ही जागा. बर्ज आणि जूडे या दोन प्राध्यापकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या पाण्याची खोलीनुसार उष्णता आणि त्यातला प्राणवायू मोजत आयुष्ये घालवली. पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीने लेकीच्या हातात एक पांढरी-काळी तबकडी दिली, दोरीला बांधलेली, ताटलीपेक्षा थोडी लहान. ती पाण्यात सोडायची, दिसेनाशी होईपर्यंत दोरी सैल करत जायची, आणि ती जिथे दिसेनाशी होते तिथली खोली लिहून ठेवायची. पाणी किती स्वच्छ आहे ते एवढ्यावरून कळते. तबकडी हातात घेतल्यावर लेकीने तिच्यावरून अंगठा फिरवला, जसा मी लग्नानंतर पहिल्यांदा सासूबाईंच्या पाट्यावरून फिरवला होता. मी बाजूला झाले. त्या वेळचा तिचा चेहरा मी पुढचे महिनाभर विसरू शकले नाही.

परतताना आम्ही टेकडी चढून बॅस्कम हॉलपाशी गेलो. समोर लिंकनचा बसलेला पुतळा आहे. १८६२ साली त्याने सही केलेल्या कायद्याने राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या विक्रीतून अशी विद्यापीठे उभी राहिली, रटगर्सलाही त्यातला वाटा मिळाला. त्या जमिनी आधी ज्यांच्या होत्या, त्यांची आठवण करून देणारा फलकही त्याच टेकडीवर आहे. ही चार तळ्यांची भूमी हो-चंक लोकांची होती आणि १८३२ च्या तहात त्यांना ती सोडावी लागली. लेक तो फलक वाचत उभी राहिली आणि मग इमारतीच्या दाराशी असलेल्या दुसऱ्या, जुन्या कांस्यफलकाकडे गेली. १८९४ साली एका प्राध्यापकावर त्याच्या मतांसाठी चौकशी लादली गेली, त्या वेळी त्याला निर्दोष ठरवताना नियामक मंडळाने लिहिलेले वाक्य त्यावर कोरलेले आहे. इतरत्र विचारांवर काहीही बंधने असोत, या विद्यापीठाने मात्र निर्भयपणे, न थांबता चाळत आणि पाखडत राहावे, कारण सत्य त्यानेच हाती लागते, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. लेकीने त्यातल्या ‘विनोइंग’ या शब्दावर बोट ठेवून विचारले, ‘आई, हे म्हणजे नक्की काय करतात?’

‘पाखडणं,’ मी म्हणाले, आणि पुढे मला शब्द सुचेनात, कारण तिने सूप कधी पाहिलेच नव्हते.

मग तिथेच, त्या वाऱ्यात, मी दोन्ही हातांनी हवेत सूप धरून दाखवले. आमच्याकडे मे महिन्यात वर्षाचे धान्य भरायचे. शाळूची आणि गव्हाची पोती सोप्यात ओतली जायची आणि आई, आजी, शेजारच्या दोघी-तिघी सुपे घेऊन बसायच्या. आधी चाळणीने माती खाली जायची. मग पाखडायचे: सूप वर झटकले की धान्य क्षणभर अधांतरी राहते आणि सुपात परत येते, त्या तेवढ्या वेळात फोलकटे पुढे उडून जातात. आजीच्या सुपाचा आवाज ठरावीक लयीत येई, तीन झटके आणि एक घोळ, तीन झटके आणि एक घोळ. भुशाने तिच्या भुवया पांढऱ्या होत. एवढे झाल्यावरही काम संपत नसे. दाण्याच्याच वजनाचा, दाण्याच्याच रंगाचा खडा पाखडून जात नाही. तो सुपात तसाच राहतो. त्याच्यासाठी ताट घेऊन उजेडात बसावे लागते आणि एकेक दाणा बोटाने पुढे सारावा लागतो. त्याला आपण निवडणे म्हणतो. ‘सिलेक्ट करायला पण आपण निवडणेच म्हणतो ना?’ लेकीने विचारले. मी हो म्हणाले. इतकी वर्षे दोन्ही अर्थांनी वापरत आलेला हा एकच शब्द आहे, हे तिने विचारेपर्यंत माझ्या कधी लक्षातच आले नव्हते.

न्यू जर्सीत परतल्यावर एका रविवारी ती आम्हाला रटगर्सच्या कुक कॅम्पसवर घेऊन गेली, खास पाहण्यासाठी म्हणून पहिल्यांदाच. तिथे मला एक गोष्ट नव्याने उमगली. १९४३ साली याच परिसरातल्या एका तळघरात, सेल्मन वॉक्समनच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने मातीतल्या सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. क्षयावरचे ते पहिले गुणकारी प्रतिजैविक. वॉक्समनला १९५२ चे नोबेल त्याबद्दलच मिळाले. माझे मोठे काका १९५० च्या दशकात मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये सात महिने होते आणि स्ट्रेप्टोमायसिनच्या सुयांनी बरे होऊन घरी आले, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ते शेवटपर्यंत त्या औषधाचे नाव दोन्ही हात जोडून घेत. ते औषध आमच्या घरापासून वीस मिनिटांवरच्या मातीतून निघाले, हे मला या गावात इतकी वर्षे राहून माहीत नव्हते. वॉक्समन स्वतः १९१० साली युक्रेनमधून आला आणि मेट्युचेनला नातेवाइकांच्या शेतावर उतरला. मेट्युचेन म्हणजे चारी बाजूंनी आमच्या एडिसनने वेढलेले गाव. शेताजवळचे कॉलेज म्हणून तो रटगर्सला गेला. लेकीला हे सांगितले तेव्हा ती गप्प राहिली, पण दुसऱ्या दिवशी तिने त्या तळघराची माहिती शोधून माझ्या फोनवर पाठवली.

कागद सापडल्यानंतरच्या शनिवारी मी बाबांना फोन केला. इकडे सकाळचे आठ, तिकडे संध्याकाळचे साडेपाच. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत; कान थोडे कमी झाले आहेत, पण नातीचे विद्यापीठ हा विषय निघाला की आवाज खणखणीत होतो. विस्कॉन्सिन म्हटल्यावर ते लगेच म्हणाले, ‘जेपी तिथे शिकले की.’ आणीबाणीच्या काळात बाबा तिशीतले, जयप्रकाश नारायणांचे निस्सीम भक्त. जेपी १९२२ साली अमेरिकेत पोहोचले, बर्कलीच्या विद्यापीठात शिकू लागले, फीसाठी द्राक्षाच्या मळ्यांत आणि फळांच्या कारखान्यात राबले. तिथली फी वाढली तेव्हा ती परवडेना म्हणून आयोवाला गेले, मग विस्कॉन्सिन, मग ओहायो. बाबांनी ही सगळी नावे क्रमाने घेतली. मला मात्र त्यातली फीच ऐकू आली. शंभर वर्षांपूर्वी सुद्धा एक मुलगा राज्याराज्यांतून स्वस्त विद्यापीठ शोधत फिरला होता.

मग मी विचारले. तीस वर्षांहून अधिक काळ जे विचारले नव्हते ते सहज बोलण्याच्या ओघात विचारले गेले. ‘बाबा, मी पुण्याला जाऊ नये असं तुम्हाला वाटत होतं ना?’

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटले, ऐकू आले नसेल. मग ते म्हणाले, ‘मी प्रॉव्हिडंट फंडातून उचल घ्यायचा अर्ज भरून ठेवला होता. हेडमास्तरांची सही पण झाली होती. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, तुझ्या मनात नाही, तर आपण कशाला भरीस घालायचं?’ त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. नंतर ते नातीच्या थंडीच्या कपड्यांबद्दल विचारू लागले आणि मी उत्तरे देत राहिले. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ मागच्या पायरीवर बसून होते. शेजारच्या अंगणातल्या मॅग्नोलियाच्या जाड गुलाबी पाकळ्या गवतावर गळून तपकिरी पडल्या होत्या. आठ दिवस दोघेही एकाच घरात, एकाच ताटाशेजारी बसत होतो. दोघेही एकमेकांना मोकळे सोडत होतो, आणि दोघांनाही ते मोकळेपण नकारासारखे ऐकू येत होते. मी लेकीला महिनाभर जे देत होते ते नेमके हेच होते, आणि माझ्या सुपात राहून गेलेला खडा मला तेव्हा दिसला.

संध्याकाळी तिच्या खोलीत गेले. मी काही बोलण्याआधी तीच म्हणाली, ‘आई, तू तो कागद बघितलास ना? टोपली फिरवून ठेवली होतीस.’

मी हो म्हणाले आणि तो शब्द कोणत्या बाजूचा आहे ते विचारले. तिला प्रश्नच कळला नाही. मग तिने ड्रॉवरमधून कागद काढला, माझ्याकडे पाहिले आणि समजावून सांगितले की तो कोणत्याच बाजूचा नव्हता. ते तिसऱ्या भागाचे शीर्षक होते. आधी तिने स्वतःचे मुद्दे लिहिले होते, बाबाचे मुद्दे एक्सेलमध्ये आले होते, आणि माझे तिला खाली लिहायचे होते. ‘पण तू नुसतं म्हणतेस, तुला हवं तिथे जा. मग त्याच्याखाली मी काय लिहू? मला वाटलं, तुला सांगायचं नाहीये, म्हणजे तुला मी जायला नको आहे.’ तिचे डोळे भरून आले होते. खाली दोन बोटे नव्हे, जवळजवळ अर्धा कागद रिकामा होता. त्या सकाळी मला फक्त माझे नाव दिसले होते.

मग मी बोलले. पलंगाच्या कडेवर बसून, जमेल तसे, थांबत थांबत बोलले. ती तबकडी हातात घेतलेला तिचा चेहरा मी पाहिला आहे आणि तिने त्या तळ्याकाठी जावे असे मला फार वाटते, हे सांगितले. वरच्या मजल्यावर पावलांचा आवाज नसलेल्या संध्याकाळची मला भीती वाटते, आणि ती भीती माझी आहे, तिने तिचा विचार करू नये, हेही सांगितले. तिसरी गोष्ट सांगायला सर्वांत जड गेली. दोन वर्षांपूर्वी तिच्या बाबाची नोकरी गेली होती तेव्हाचे सात महिने तिला आठवत होते, पण त्या महिन्यांत किती शिल्लक संपली ते आम्ही तिला कधी सांगितले नव्हते. मॅडिसनसाठी घरावर दुसरे कर्ज काढावे लागेल. मी ते काढायला तयार आहे, आणि त्याचे ओझे मला वाटणार नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. ती ऐकत होती आणि लिहीत होती. मधल्या रेघेची पर्वा न करता तिची ओळ डावीकडून उजवीकडे सरळ गेली. त्यानंतर मी तिला आयर्विन पूल, पुण्याचे पत्र आणि आजोबांचा अर्ज सांगितला. तिने पेन खाली ठेवले आणि शेवटपर्यंत उचलले नाही.

चार दिवसांनी तिने रटगर्सची अनामत भरली. कुक कॅम्पसवरच्या वसतिगृहात राहण्याची अट तिने स्वतः घातली आणि आम्ही ती आनंदाने मान्य केली. घर जवळ आहे म्हणून घरी राहायचे, हे तिला नको होते आणि आता मलाही नको होते. तिच्या म्हणण्याप्रमाणे निर्णय त्या पीएच.डी. करणाऱ्या मुलीच्या एका वाक्यावर झाला. पदवीनंतर संशोधनासाठी तिथे जाणाऱ्यांना बहुधा विद्यापीठातच काम मिळते, त्याबरोबर फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळते; तेव्हा मूळ राज्य कोणते हे कोणी विचारत नाही. ‘चार वर्षं मी मातीचं शिकते,’ ती म्हणाली, ‘तळ्याकडे नंतर जाते.’ तिने हे आमच्यासाठी केले का, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. मी तो तिला एकदा विचारला. ती म्हणाली, ‘थोडंसं. पण मला माहीत होतं की मी कशासाठी करतेय.’ अनामत भरल्याचा ईमेल आला तेव्हा पहिल्यांदा मला हायसे वाटले, डोक्यावरची भरलेली घागर कोणी उतरवून घ्यावी तसे. आणि रात्री, तिने विस्कॉन्सिनच्या पानावरचे नकाराचे बटण दाबले तेव्हा, १९९२ च्या जुलैतले तांबडे पाणी पुन्हा एकदा माझ्या पोटातून वाहून गेले. तिला ते कळू नये असे वाटले, मग आठवण झाली आणि मी तिला ते सांगितले. तिने माझा हात धरला.

थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘आई, पाच-सहा वर्षांनी गेले, तर तळं तेव्हाही गोठत असेल ना?’

आम्ही दोघींनी मेंडोटाच्या बर्फाच्या नोंदी उघडल्या. १८५० च्या दशकापासून दर हिवाळ्यात तळे कधी गोठले, कधी मोकळे झाले आणि मध्ये किती दिवस गेले, हे गावातल्या लोकांनी आणि नंतर विद्यापीठाने लिहून ठेवलेले आहे. जुन्या ओळींत आकडा चार महिन्यांच्या आसपास घुटमळत होता. खाली येता येता तो लहान होत होता, मध्येच मोठा, पुन्हा लहान. २००१-०२ च्या ओळीपाशी, मी या देशात आले त्या हिवाळ्यापाशी, २१ दिवस लिहिलेले होते. ती तिथे थांबली, मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि मग पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. बोट पडद्याला टेकवून एकेक वर्ष ती सावकाश खाली येऊ लागली.